दोन तास दोन मिनिटं

५ जानेवारी

प्रिय ताई,

नमस्कार. आम्ही दोघी ठीक आहोत. आईचा गुडघा थंडीने कुरकुरतो आणि त्याच्याहून जास्त आई कुरकुरते, म्हणजे प्रकृती उत्तम आहे असं समज. दोन फेब्रुवारीला सत्तर पूर्ण होतील हे ती दिवसातून दोनदा ऐकवते आणि वर म्हणते, "माझं काही करू नका हं." तू येणार कळल्यापासून मात्र पाहुण्यांच्या खोलीतल्या गाद्या तीन वेळा उन्हात घालून झाल्या.

फोन करायचं सोडून पत्र काय लिहितेस, असं म्हणशील. फोनवर तू मला लगेच स्पीकरवर टाकतेस. मग भावोजी बोलतात, धाकटा ओरडतो, टिकली कविता म्हणते आणि आपलं बोलणं राहून जातं ते राहूनच जातं. शिवाय हल्ली आमच्या ऑफिसात मोबाइल बाहेर ठेवून घेतात. तेव्हा वसतिगृहात असताना लिहायचे तसं लिहिते आहे. तूही हातानेच लिही. तुझं अक्षर बघून खूप दिवस झाले.

आता आधी टिकलीचं काम. शाळेत तिला 'दोन शहरांमधलं विमानाचं अंतर आणि प्रवासाचा वेळ' शोधायला सांगितलंय ना? तिला सांग, तुझी मावशी याचीच नोकरी करते. नकाशावर पट्टी ठेवली तर तुमचं शहर आणि आमचं शहर यांत अकराशे ऐंशी किलोमीटर. पण विमान पट्टीवरून जात नाही. मध्ये लष्कराचा प्रदेश लागतो, त्याला वळसा घालावा लागतो, मग डोंगर चुकवायचे, आणि शेवटी धावपट्टीच्या रांगेत यायचं. असे होतात बाराशे नव्वद.

वेळेचं उत्तर मात्र एक नाही. आमच्याकडून तुमच्याकडे येताना वारा पाठीत असतो, तेव्हा एक तास चाळीस मिनिटं. तुमच्याकडून इकडे येताना तोच वारा छाताडावर. मग दोन तास, सव्वादोन, जसा वारा असेल तसं. टिकलीने वहीत दोन उत्तरं लिहावीत. बाईंनी एक खोडलं तर मावशीचं नाव सांगावं.

तुमच्या येण्याबद्दल मला एक सुचतंय. तुम्ही रेल्वेने या. हसू नकोस. बावीस तास लागतात हे मलाही माहीत आहे. पण मुलांनी आजवर रेल्वेत एक रात्र काढलेली नाही. खिडकीतून देश दिसेल, पत्ते खेळता येतील, सामानाचं वजन करावं लागणार नाही, आणि आईसाठी तू जी खुर्ची आणणार म्हणतेस तीही येईल. जानेवारीत सकाळी इथे धुकं असतं. विमानं तासतास लटकतात. दोन मुलांना घेऊन विमानतळावर ताटकळण्यापेक्षा ते बरं.

ऑफिसात विशेष काही नाही. डिसेंबरात जरा धावपळ झाली, भावोजी बोलले असतीलच. नवे साहेब आल्यापासून सगळेच वाकून चालतात. त्यांना आम्ही 'काटकसर' म्हणतो. परवा त्यांनी जिन्यातले दोन दिवे काढायला लावले आणि तिसऱ्या पायरीवर स्वतःच ठेचकाळले. कोणी हसलं नाही. घरी येऊन मी आईला सांगितलं, तेव्हा आम्ही दोघी हसलो.

रेल्वेचं मनावर घे. तिकिटं लवकर संपतात.

तुझी,
धाकटी


१६ जानेवारी

प्रिय ताई,

तुझं पत्र मिळालं. चार पानं, त्यातली अडीच रागाची. "नवरा कंपनीच्या सगळ्या वैमानिकांचा प्रमुख, आणि बायकोने दोन पोरं आणि एक खुर्ची घेऊन बावीस तास रेल्वेत बसायचं? शेजारीपाजारी काय म्हणतील?" तुझं बरोबर आहे. गादी, गुडघा आणि धुकं यांच्या आड लपून मी तुला सल्ला दिला आणि तू तो फेकून दिलास. तू आग्रहाने विचारलं आहेस, "नक्की काय झालंय ते सांग, माझ्याशी आडपडदा नको." म्हणून सांगते.

तुला माझं काम वरवर माहीत आहे. विमान सुटायच्या आधी त्याचा आराखडा मी करते. कुठून जाईल, समोर वारा किती, पोचायला किती वेळ, त्याला इंधन किती. त्यात आणखी एक भाग असतो. पोचल्यावर उतरता आलं नाही तर दुसऱ्या कुठल्या विमानतळावर जायचं, तिथवर पुरेल एवढं इंधन. तिथेही जमलं नाही तर तिसरीकडे जायचं, त्याचं वेगळं. हिवाळ्यात आम्ही दोन पर्याय धरून चालायचो. माझ्या आधीच्या माणसाने धरले, त्याच्या आधीच्यानेही. वर अर्ध्या तासाचं इंधन असं असतं की त्याला हात लावायचा नाही.

ऑक्टोबरात काटकसर साहेबांनी नवा नियम आणला. पर्यायी विमानतळ एकच. वाऱ्याचा अंदाजही पाच वर्षांच्या सरासरीने. हलकं विमान कमी इंधन खातं हे खरं आहे, त्यांच्या तक्त्यात सगळं खरंच होतं. त्या तक्त्यात तुमच्याकडून इकडे यायला दोन तास दोन मिनिटं लागतात. रोज. ऊन असो की वादळ, दोन तास दोन मिनिटं. जे कॅप्टन स्वतःहून जास्त इंधन मागत, त्यांना खुलासा द्यावा लागे. खुलासा मागणाऱ्या पत्राखाली सही भावोजींची असे.

बारा डिसेंबरच्या सकाळचं विमान मास्तर घेऊन येत होते. मास्तर म्हणजे ते उंच, पिकल्या मिशांचे कॅप्टन, तुझ्या लग्नात आईला खुर्ची आणून देणारे. नव्या पोरांना फळ्यावर शिकवतात म्हणून मास्तर. निवृत्तीला दोन वर्षं राहिली आहेत. विमानात अडुसष्ट माणसं होती.

समोरचा वारा ताशी दीडशे किलोमीटरचा होता. आराखड्यात नव्वद होता. ते आमच्या डोक्यावर आले तेव्हा दोन तास तेरा मिनिटं झाली होती आणि खाली धुकं होतं. अठरा मिनिटं ते घिरट्या घालत राहिले. दोनदा खाली येऊन, धावपट्टी दिसली नाही म्हणून वर गेले. पर्यायी विमानतळ नदीकाठी आहे, तिथेही तेच धुकं. दक्षिणेकडचा तिसरा विमानतळ लख्ख मोकळा होता, पण तिथवर जाण्याएवढं इंधन त्यांच्याकडे नव्हतं. मग रेडिओवर त्यांनी आणीबाणीचे ते शब्द उच्चारले जे कोणी उगाच उच्चारत नाही. आवाज अगदी नेहमीचा. जणू वर्गात हजेरी घेताहेत.

तिसऱ्यांदा ते उतरले. दिसत नसताना उतरले, ताई. टाक्यांत नऊ मिनिटांचं इंधन होतं. प्रवासी टाळ्या वाजवत खाली आले. त्यांना सांगितलं होतं, धुक्यामुळे उशीर झाला.

मी माझ्या टेबलापाशी होते. मला एवढंच आठवतं की शेजारच्याने माझ्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवला आणि मी तो बराच वेळ दोन्ही हातांनी धरून बसले.

चौकशीत ठरलं, चूक कॅप्टनची. त्यांनी निघतानाच वाऱ्याची चौकशी करून जास्त इंधन घ्यायला हवं होतं, वेळीच परत फिरायला हवं होतं. कंपनीतर्फे हा अहवाल भावोजींनी लिहिला. आता तो वरच्या, सरकारी चौकशी कार्यालयात गेलाय. मास्तरांना घरी बसवलंय.

रविवारी मी त्यांच्याकडे गेले होते. आईला सांगितलं, बाजारात जाते. ते मागच्या खोलीत खुर्चीची वेताची बैठक विणत बसले होते. खिडक्या बंद. बायको म्हणाली, "विमानाचा आवाज आला की हे मान वर करतात, म्हणून मीच लावून घेतल्या."

त्यांनी मला बसायला सांगितलं. आईची चौकशी केली. मग वेत ओढता ओढता विचारलं, "मला एक सांग. वाऱ्याचा नवा तक्ता, त्या दिवसाच्या खऱ्या वाऱ्याचा, किती वाजता आला?"

"सात पंचवीसला," मी म्हटलं.

"मी सात दहाला सुटलो."

"हो."

"म्हणजे पंधरा मिनिटांनी हुकला." ते हातातल्या वेताकडे बघत राहिले. "एरवी सव्वासहाच्या सुमाराला यायचा. पण असेल. यंत्रच ते."

एवढंच. रागाने काही बोलले असते तर मला सोपं गेलं असतं. दारापर्यंत सोडायला आले आणि म्हणाले, "तू त्या दिवशी घाबरली असशील. जपून राहा."

ताई, माझा आराखडा नियमाप्रमाणे होता. ते मी तुला सांगते आहे आणि ते खरं आहे.

नियम अजून तोच आहे. परवा आणखी एक विमान सतरा मिनिटांच्या इंधनावर उतरलं. त्याचा अहवालही झाला नाही, कारण कॅप्टन तरुण आहे आणि त्याने मास्तरांचं काय झालं ते पाहिलंय. म्हणून म्हणते, रेल्वेने या. भावोजींना मी हे लिहिल्याचं सांगू नकोस. मला नोकरी त्यांनी लावून दिली हे मी विसरलेले नाही. पण एकदा त्यांना साधेपणाने विचारून बघ, मुलांना कशाने नेऊ म्हणून. काय म्हणतात ते मला कळव.

तुझी,
धाकटी


२८ जानेवारी

ताई,

हे पत्र दुपारच्या विमानातली माझी मैत्रीण तुझ्या हातात देईल. तिला काही विचारू नकोस, तिला काही माहीत नाही. देताना ती हसली तर तूही हस. मग दार लावून, मुलं शाळेतून यायच्या आत, शेवटपर्यंत वाच. मध्ये फोन करू नकोस.

तुझं वीस तारखेचं पत्र मला तेवीसला मिळालं. तू किती सहज लिहिलं होतंस. "तुझ्या सांगण्याप्रमाणे विचारलं. म्हटलं, मुलांना कशाने नेऊ? तर ह्यांनी उत्तर द्यायच्या आधी लॅपटॉप उघडून रेल्वेची तिकिटं काढली. मी म्हटलं, अहो, तुम्ही स्वतः असताना? तर म्हणाले, या महिन्यात विमान नको. धुकं संपू दे. मी म्हटलं, मग लोकांची मुलं जातात ती? तर उठून आंघोळीलाच गेले. विचित्रच आहेत. पण काय गं, तुम्ही दोघं संगनमत करून मला रेल्वेत बसवताय की काय?" आणि खाली टिकलीचं गाडीचं चित्र.

ते पत्र मी आईपुढे वाचलं, चित्र तिला दाखवलं, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन पुन्हा वाचलं. तोवर मी स्वतःला एक गोष्ट समजावत होते. भावोजींना नियमावर विश्वास आहे. चुकत असतील, पण प्रामाणिकपणे चुकताहेत. त्या एका समजुतीवर मी दीड महिना जेवत-झोपत होते. तुझ्या चार ओळींनी ती गेली.

आता मागच्या पत्रात जे लिहिलं नाही ते.

वाऱ्याचा नवा तक्ता सात पंचवीसला आला नव्हता. सहा वाजून चौदा मिनिटांनी आला. मी तो पाहिला. दीडशेचा आकडा पाहिला. आराखडा नव्याने करायला वेळ होता. सहाशे किलो इंधन वाढवावं लागलं असतं आणि विमान भरलेलं होतं, म्हणजे सात माणसं उतरवावी लागली असती. मी साहेबांना फोन लावला. ते म्हणाले, "सरासरी कशासाठी काढली आहे आपण? चाललंय ते चालू द्या." मी म्हटलं, "सर, साठाचा फरक आहे." ते म्हणाले, "सात प्रवाशांना तुम्ही समजावणार आहात का?"

मी फोन ठेवला. मास्तरांना तुमच्याकडच्या विमानतळावर एक फोन करायला मला अर्धं मिनिट लागलं असतं. मी तो केला नाही. जुनाच आराखडा जाऊ दिला. मला कोणी बांधून ठेवलं नव्हतं, ताई. मला वाटलं, एवढ्यात काय होतंय, रोज होतंच की. आणि खरं सांगायचं तर साहेबांचा आवाज पुन्हा ऐकायला नको होता. अडुसष्ट माणसं आणि एक नकोसा आवाज. मी तो आवाज टाळणं निवडलं.

दुसऱ्या दिवशी भावोजी आले. ऑफिसात नाही, आपल्या घरी. आईशी गप्पा मारल्या, तिच्या गुडघ्याला मलम आणलं होतं. मग मला म्हणाले, "चल, जरा गच्चीवर जाऊ." वर गेल्यावर म्हणाले, "जबाबात लिही, तक्ता सात पंचवीसला आला."

"संगणकावर वेळ असते," मी म्हटलं.

"ती नोंद तीस दिवस राहते. तोवर कोणी मागत नाही, ते मी बघतो."

"आणि मास्तर?"

"मास्तरांची नोकरी संपत आली आहे. तुझी अजून वीस वर्षं आहे. माझीही आहे." मग त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "हे बघ, घरातलं घरात राहू दे. तुझ्या ताईचा विचार कर."

मी तुझा विचार केला. निदान त्या वेळी मला तसंच वाटलं. सही केली. मास्तरांच्या घरी जाऊन तीच वेळ पुन्हा सांगितली, त्यांच्या तोंडावर. आणि तुला लिहिलं की माझा आराखडा नियमाप्रमाणे होता. होताच. खोट्याला यापेक्षा सोज्वळ कपडा मिळत नाही.

तुझं पत्र आल्यावर मी दोन दिवस ऑफिसातली जुनी कागदपत्रं काढून बसले. भावोजींनी ऑक्टोबरपासून स्वतः चालवलेली उड्डाणं बघितली. एकोणीस. तुमच्याकडून इकडे येणाऱ्या प्रत्येकात त्यांनी जास्तीचं इंधन घेतलंय, प्रमुखाच्या अधिकारात. एकदा त्यासाठी नऊ प्रवासी खाली ठेवले. आणि त्याच आठवड्यात दुसऱ्या कॅप्टनला, जास्त इंधन का घेतलंत म्हणून खुलासा मागितला. दोन्ही कागदांवर सही एकच, तीच लांब शेपटीची, तुमच्या लग्नपत्रिकांच्या पाकिटांवर होती ती.

सव्वीस तारखेला मी चौकशी कार्यालयात गेले. तिथल्या अधिकारी बाई पन्नाशीच्या आहेत, बारीक आवाजात बोलतात आणि प्रत्येक कागद दोनदा वाचतात. तक्त्याची छापील प्रत मी त्या सकाळीच टेबलाच्या खणात ठेवली होती, वर सहा चौदाची वेळ असलेली. का ठेवली होती, देव जाणे. ती दिली. जबाब खोटा आहे असं लिहून दिलं. साहेबांचा फोन, गच्चीवरचं बोलणं, सगळं.

बाई म्हणाल्या, "गच्चीवर तुम्ही दोघंच होता?"

"हो."

"ते नाही म्हणतील."

मी एकोणीस उड्डाणांची यादी पुढे केली. त्यांनी ती सावकाश वाचली. मग म्हणाल्या, "यावरून ते सावध आहेत एवढंच दिसतं. जपून वागणं हा गुन्हा नाही. नियम घातक आहे हे त्यांना माहीत होतं, आणि माहीत असून त्यांनी दुसऱ्यांवर लादला, हे यातून सिद्ध होत नाही. ते म्हणतील, मला तसं वाटलं, मी घेतलं. त्या कॅप्टननेही घ्यायला हवं होतं. म्हणजे दोष पुन्हा त्या कॅप्टनवरच."

"मग नियम?"

"अहवाल येईपर्यंत चालू राहील. सहा आठवडे, फार तर आठ."

त्यांच्या मागे खिडकी होती. बाहेर पांढरं होतं, पलीकडची इमारतसुद्धा दिसत नव्हती. त्यांनी सहज विचारलं, "आजचं सकाळचं विमान उतरलं का?" मी म्हटलं, "अजून वीस मिनिटं आहेत."

तुझं पत्र माझ्या पर्समध्ये होतं. मी ते देण्यासाठी नेलं नव्हतं. यावर विश्वास ठेव किंवा ठेवू नकोस. पण ते काढताना मी क्षणभरही थांबले नाही, हेही लिहिलं पाहिजे. मी म्हटलं, "हे त्यांच्या पत्नीचं पत्र आहे. माझ्या बहिणीचं."

बाईंनी ते दोनदा वाचलं. 'या महिन्यात विमान नको' या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारली. चित्राकडेही बघितलं. मग म्हणाल्या, "हे मी ठेवून घेतलं तर परत मिळणार नाही. तुमच्या बहिणीला विचारलंय का?"

मी म्हटलं, "नाही."

"विचारून या, हवं तर. मी थांबते."

विचारायला वेळ होता, ताई. फोन पर्समध्येच होता. तू नाही म्हणाली असतीस. हो म्हणाली असतीस तर त्याहून वाईट, आयुष्यभर त्यांच्या समोर बसून तुला ते हो जपावं लागलं असतं. असं मी आता म्हणते. त्या खोलीत मात्र मी फक्त म्हटलं, "ठेवून घ्या."

काल संध्याकाळी आदेश आला. जुना नियम पुन्हा लागू, आजपासून, सगळ्या विमानांना. दोन पर्यायी विमानतळ, वारा त्या दिवसाचा. साहेबांना रजेवर पाठवलं. मास्तरांची चौकशी नव्याने होणार. त्यांच्या बायकोचा फोन आला होता, ती रडत होती आणि माझे आभार मानत होती. मी काय बोलले ते आठवत नाही. आराखडे करायचा माझा परवाना काढून घेतलाय, तो परत मिळेल असं वाटत नाही. मिळू नये.

आणि आज सकाळी भावोजींना नोटीस मिळाली. चौकशी होईपर्यंत त्यांनी विमान चालवायचं नाही. ते इथेच होते, मुख्य कार्यालयात. मी सामान न्यायला गेले होते तेव्हा जिन्यात समोरासमोर आलो. ते थांबले. चेहरा राखेसारखा. मला वाटलं आता बोलतील. पण त्यांनी मला विचारलं, "तिला काय झालं गं? तुझ्या ताईला? माझ्याविरुद्ध तिने कोणाला लिहिलं?"

नोटिशीत फक्त 'कुटुंबीयाचं हस्तलिखित पत्र' एवढंच आहे. कोणाला लिहिलेलं, कोणी दिलं, काही नाही. आणि त्यातली वाक्यं जशीच्या तशी दिली आहेत. ती त्यांनी तुझ्याशीच बोललेली वाक्यं आहेत. त्यांना वाटतंय, तू परस्पर कळवलंस.

मी तोंड उघडलं आणि मिटलं. माणसं जिना उतरत होती. ते पुढे गेले. दुसऱ्यांदा, ताई. अर्ध्या मिनिटाचं काम आणि मी दुसऱ्यांदा गप्प राहिले. म्हणून हे लिहायला बसले. मैत्रीण फाटकाशी थांबली आहे.

ते संध्याकाळच्या विमानाने येताहेत, प्रवासी म्हणून. वारा पाठीत आहे, लवकर पोचतील. साडेसातच्या सुमारास दार वाजेल. मुलांना शेजारी पाठव. मी त्यांना एवढी वर्षं ओळखते, ते हात उगारणारे नाहीत. पण आज जिन्यात मी पाहिलेला माणूस मला ओळखीचा वाटला नाही.

ते विचारतील तेव्हा माझं नाव घे. पहिल्या वाक्यात घे. हे पत्र त्यांच्या हातात दे, सगळं, गच्चीवरचंसुद्धा. मला झाकायला म्हणून 'मीच लिहिलं' असं म्हणू नकोस. मला माहीत आहे तुझ्या तोंडात तेच पहिलं येईल. लहानपणी फुटलेली प्रत्येक गोष्ट तू स्वतःच्या नावावर घेतलीस. ही घेऊ नकोस.

आईला मी अजून काही सांगितलेलं नाही. ती गाद्यांना अभ्रे घालते आहे. तीस तारखेच्या गाडीत तू बसशील की नाही हे तिने विचारलं तर मी काय सांगू, एवढं एका ओळीत कळव. मला उद्देशून लिहू नकोस, आईला लिही.

क्षमा मागत नाही. ती मागायची तर आधी ते पत्र परत आणायला हवं, आणि मला संधी मिळाली तरी मी ते परत आणणार नाही.

तुझी पत्रं कोणाच्याही हाती देऊ शकणारी,
तुझी बहीण